माजघरातल्या तेरा बाटल्या: पिनो न्वार आणि शार्दोने ठेवायच्या की उघडायच्या?

बोटीवरचा_बाबू (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

मी बोटीवर असतो, इंजिनात. गेली सात-आठ वर्षं साईन ऑफ करून, म्हणजे बोटीवरची पाळी संपवून घरी येताना दोन बाटल्या वाईन आणायच्या हा नेम, विमानतळावर माणशी दोन लिटरच ड्युटी फ्री सोडतात म्हणून दोनच, एकदा बायको बरोबर होती तेव्हा चार. बाकीचे स्कॉच आणतात, मला एका फ्रेंच चीफ इंजिनिअरने पिनो (लाल वाईनचं द्राक्ष) आणि शार्दोने (पांढरीचं) यांचा नाद लावला. काही प्यायलो, काही राहिल्या. परवा मोजल्या तर तेरा निघाल्या. फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताची साधी लाल २०२० च्या दोन (आकडा म्हणजे द्राक्षं काढली ते साल), तिथल्याच गावाच्या नावाची जेव्रे शाम्बर्तँ २०१७ दोन, व्होल्ने प्रीमिए क्रू (म्हणजे वरच्या दर्जाचा मळा) २०१५ एक. पांढऱ्यात, त्याही बर्गंडीच्याच, साधी शाब्ली २०२१ दोन, शाब्ली ग्राँ क्रू (सगळ्यात वरचा दर्जा) ले क्लो २०१४ एक, मेर्सो २०१४ दोन. शिवाय न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोच्या २०१९ च्या पिनो दोन (फिरकीचं झाकण) आणि कॅलिफोर्नियाची सोनोमाची शार्दोने २०१८ एक.

ठेवल्यात कुठे, तर गावच्या घरी माजघरात. घर कौलारू, भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, दीड फूट जाड, खिडकी एकच आणि तीही बंद. मी नसताना आई रोज दुपारी थर्मामीटर बघून कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी आकडा लिहिते (तिला वाटतं बोटीवरून कोणी मागवलंय). मे महिन्यात २९, जुलैत २६-२७, जानेवारीत २३. माळ्यावर हेच ३७ जातं म्हणून माजघर निवडलं. दिवसातला फरक फार तर दोन डिग्री.

आता इंटरनेटवर बघितलं तर ले क्लो २०१४ म्हणे २०३५ पर्यंत ठेवा. मेर्सो आत्ता प्या म्हणतात, व्होल्ने अजून थांबा म्हणतात. ते खरं धरायचं का आपल्याकडे? आणि एका जेव्रेचं बूच किंचित वर आल्यासारखं वाटतंय, प्लास्टिकच्या टोपीला बोट लावलं की लागतं. जून अखेरीला परत जॉईन व्हायचंय, तोवर काय उघडू आणि काय ठेवू?

---

माडीवाला (वेंगुर्ला)

मेल्या बाबू, तेरा बाटल्यो घरात आणि तू आमका इचारतंस कधी पिवची? माडी सकाळी काढलली दुपारपर्यंत गोड, रातीक आंबट, दुसऱ्या दिवसाक शिरको. काजूचो हुर्राक सुद्धा मे सरलो की संपलो. आमच्याकडे ठेवूक काय शिकवलांच नाय कोणी. पी आणि मोकळो हो.

---

द्राक्षाचा_हिशोब (नाशिक)

वरचे माडीवाले भाऊ गमतीत बोललेत पण अर्धं बरोबर बोललेत.

बाबूदादा, मी इकडे एका वायनरीत सेलरचं, म्हणजे वाईन साठवायच्या कोठाराचं काम बघतो, पिनो आमच्याकडे नाही पण शार्दोने थोडी होते, म्हणून सांगतो. इंटरनेटवरचे ते सगळे तक्ते बाटली १२-१३ डिग्रीला आडवी पडलेली आहे असं धरून लिहिलेले असतात. लिहिणाऱ्याने तुमचं माजघर बघितलेलं नाही. ढोबळ हिशोब असा की दर १० डिग्रीला रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. तुमचं वर्षाचं सरासरी धरलं २६-२७, म्हणजे तुमच्याकडचं एक वर्ष हे तिथल्या अडीच-तीन वर्षांच्या बरोबरीचं. आणि गोची ही की सगळ्या क्रिया सारख्या पटीत वाढत नाहीत, मुरण्याच्या जेवढ्या वाढतात त्यापेक्षा बिघडण्याच्या जास्त वाढतात. म्हणजे तीन वर्षांत नऊ वर्षांची मुरलेली वाईन मिळत नाही, थकलेली मिळते.

आता पिनोबद्दल. त्या द्राक्षाची साल पातळ, त्यामुळे रंग कमी, तुरटपणा कमी. कॅबरने या दुसऱ्या लाल द्राक्षाला जो सालीचा भरभक्कम आधार असतो तो पिनोला नाही, पिनो टिकते ती बरीचशी आंबटपणावर. शार्दोनेला तर सालीचा आधार नाहीच, फक्त आंबटपणा, आणि लाकडी पिंपात ठेवली असेल तर त्याचं थोडं. म्हणून थंड गावची, थंड वर्षाची शार्दोने टिकते आणि उन्हातली, लोण्यासारखी गुळगुळीत केलेली लवकर पडते. तुमची सोनोमाची बहुतेक त्या दुसऱ्या गटातली, ती आजच फ्रीजमध्ये टाका आणि या आठवड्यात उडवा, तिच्यासाठी थांबण्यात काही नाही. (पॅरिसमध्ये १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या वाईनने फ्रेंचांना हरवलं ती आंधळी चव-परीक्षा ऐकली असेल, त्यात पांढऱ्यात पहिली आलेली शातो मॉन्टेलेना १९७३ शार्दोनेच होती. दहा वर्षांनी १९८६ ला परत चाखल्या तेव्हा फक्त लाल घेतल्या, पांढऱ्या उतरल्या असणार असं धरून सोडूनच दिल्या. आणि त्या काही २९ डिग्रीला नव्हत्या ठेवलेल्या.)

थंड सेलरचा माझा अंदाज देतो, मग तुम्ही स्वतःच कापा. बर्गंडीची साधी लाल तीन ते सहा वर्षं. गावाच्या नावाची, म्हणजे तुमची जेव्रे, पाच ते दहा. प्रीमिए क्रू आठ ते पंधरा. साधी शाब्ली दोन ते चार, ग्राँ क्रू आठ ते पंधरा. त्यात साल बघायचं, २०१७ लालमध्ये हलकं आणि लवकर खुलणारं साल, पीक भरपूर आलं होतं, ती कोणीही वीस वर्षं ठेवायला घेतलेली नाही. २०१५ गरम साल, फळ भरलेलं आणि तुरटपणाही चांगला, तुमच्या लालमध्ये थांबायची ताकद असेल तर त्या व्होल्नेत. २०२० पण गरमच, काढणी ऑगस्टमध्येच सुरू झालेली, पण आश्चर्य म्हणजे आंबटपणा टिकलेला. पांढऱ्यात २०१४ फार सुंदर साल, ताठ आंबटपणा. २०२१ ला एप्रिलमध्ये हिमाने कोंब जाळले, पीक अगदी थोडं, वाईन सडपातळ, साधी शाब्ली असेल तर पिऊन टाकायची.

बूच वर आलंय त्या बाटलीचं सांगतो. गरमीत आतली वाईन फुगते, बूच ढकलते, थंडीत परत आकसते तेव्हा हवा आत ओढते. टोपीखाली चिकट लागत असेल तर वाईन झिरपली. दोन्ही जेव्रे शेजारी उभ्या करून उजेडात बघा, एकीत पातळी खाली असेल तर ती आधी उघडा, आज.

---

पडवीतला_झोपाळा (राजापूर)

एवढं डोकं कशाला लावताय. विहीर असेल ना घरी? आमचे आजोबा मे महिन्यात कलिंगडं दोरीला बांधून विहिरीत सोडायचे, संध्याकाळी काढली की दात शिवशिवायचे. बाटल्या पोत्यात घालून सोडा, नैसर्गिक सेलर, लाईटचं बिल शून्य.

नाहीतर तळघर खणा. जांभ्यात खणायला चिरेखाणीवाले आहेतच.

---

निवांत_दापोली

झोपाळेदादा, विहिरीची आयडिया मलाही आवडली असती, पण हिशोब बसत नाही. मी शिकायला दोन वर्षं दिजाँला होते, बर्गंडीच्या तोंडाशी, तिथे ओळखीपाळखीने बऱ्याच सेलरमध्ये उतरले आहे. पहिल्यांदा मला पण वाटलं की जमिनीखाली गेलं की थंड होतं. तसं नसतं. पाच-सात मीटर खाली गेलात की जमिनीचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी हवेएवढं असतं. दिजाँची सरासरी ११ च्या आसपास, म्हणून तिथलं तळघर काहीही न करता ११-१२ ला बसतं, वर्षभर, फुकट. आपल्या किनाऱ्याची सरासरीच २६-२७. म्हणजे तुम्ही पाताळापर्यंत खणलंत तरी २६-२७, आणि विहिरीचं पाणीही तेवढंच. कलिंगड थंड लागतं कारण बाहेर ३४ असतं आणि आपण घामाघूम असतो. बाबूंच्या आईंचे आकडे बघा ना, २९, २७, २३, म्हणजे चिऱ्याच्या भिंतीने जे विहीर देईल तेच जवळजवळ आधीच दिलंय. शिवाय जुलैत विहीर काठोकाठ भरते तेव्हा लेबलं गेली वाहून, मग कुठली मेर्सो आणि कुठली शाब्ली ते ओळखत बसा. तळघराचं तर बोलूच नका, पहिल्या पावसात पोहायला होईल.

तिकडे जे सेलर म्हणतात त्याचं अर्धं काम त्यांची थंड जमीन करते, आपण नुसता शब्द आणला.

ओलाव्याचं मात्र आपल्याला उलट बरं आहे. कोरड्या हवेत बूच सुकतं आणि हवा शिरते, म्हणून तिकडे ६०-७० टक्के ओलावा राखायची धडपड. आपल्याकडे पावसाळ्यात हवा नव्वदीच्या आसपास, बूच सुकायचा प्रश्नच नाही, फक्त लेबलांना बुरशी येते. लेबलचा फोटो काढून ठेवा, बाटलीला प्लास्टिकची फिल्म गुंडाळा, झालं.

आता बाबूंच्या मेर्सोबद्दल मला वेगळीच भीती आहे, ती गरमीची नाही. १९९५-९६ च्या सालापासून पांढऱ्या बर्गंडीत एक भानगड सुरू झाली, दहा-वीस वर्षं टिकायला हवी अशी वाईन सहा-सात वर्षांत तपकिरी आणि मेलेली निघायची, तीही सगळी नाही, एकाच पेटीतल्या बारापैकी तीन-चार. लोकांनी बुचाला दोष दिला, कोणी गंधक कमी टाकतात म्हणाले, कोणी द्राक्ष फार हळुवार दाबतात म्हणून, कोणी पिंपातला गाळ सारखा ढवळतात म्हणून. एकच एक कारण आजही कोणी छातीठोक सांगत नाही, सगळ्याचं मिळून असावं. त्यानंतर बऱ्याच जणांनी बूच बदललं, बुचाचा चुरा स्वच्छ करून दाबून केलेली डायामची बुचं वापरायला लागले, काहींनी तोंडाला मेण लावलं. त्यामुळे तुमच्या दोन मेर्सो एकाच दिवशी एकाच दुकानातून आणल्या असल्या तरी त्या जुळ्या बहिणी आहेत असं समजू नका. एक वाईट निघाली म्हणून दुसरी टाकून देऊ नका आणि एक चांगली निघाली म्हणून दुसरी ठेवून देऊ नका.

रंग बघा आधी. लाल वाईन म्हातारी होताना फिकी होते, कडेला विटकरी येते. पांढरी उलट गडद होते. सोनेरी झाली तर ठीक, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी तपकिरी झाली तर संपली.

आणि ले क्लो २०३५ पर्यंत? तुमच्या माजघरात? नाही हो. शाब्लीतल्या सात ग्राँ क्रू तुकड्यांपैकी एक आहे तो, २०१४ चा, म्हणून तिच्यात दम आहे, आजवर तगली असेल. पण तगली आहे तोवर प्या.

---

बोटीवरचा_बाबू (रत्नागिरी)

ताई, ते जमिनीचं तापमान वाचून मी थंडच झालो. आम्ही इंजिन रूममध्ये समुद्राच्या पाण्याने कूलिंग करतो, पाणी ३२ असलं की काय होतं ते मला पाठ आहे, तरी विहिरीचं मलाही सुचलं होतं हे कबूल करतो.

नाशिकच्या भाऊंनी सांगितलं तसं दोन्ही जेव्रे उजेडात धरल्या. एकीत पातळी बोटभर खाली, टोपी काढली तर खाली काळपट चिकट. ती काल उघडली. वास जॅमसारखा, शिजवलेल्या जांभळाचा, चव सपाट, शेवटी नुसतं अल्कोहोल. बायको म्हणाली सरबत म्हणून बरं आहे. बेसिनमध्ये नाही ओतली, मटणाच्या रश्श्यात गेली.

दुसऱ्या जेव्रेला मी घाबरतोय आता. आणि एक विचारायचं, तो वाईन फ्रीज मिळतो ऑनलाईन, बारा बाटल्यांचा, लहानसा, आवाज न करणारा, तो घेऊ का?

---

दिवेआगरकर

थांबा. घेऊ नका. माझी गोष्ट ऐका मग घ्या.

मी घरगुती खानावळ आणि चार खोल्या चालवतो, मुंबईचे पाहुणे येतात, त्यांच्या नादाने वाईन शिकलो. तुम्ही म्हणताय तसलाच बिनआवाजाचा फ्रीज घेतला होता, काचेचा दरवाजा, आत निळा दिवा, दिसायला एकदम भारी. त्यात कॉम्प्रेसर नसतो, इलेक्ट्रॉनिक चिप असते, आणि ती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १०-१५ डिग्रीच खाली जाऊ शकते. डब्यावर १२ डिग्री लिहिलेलं, पण ते बाहेर २५ असेल तर. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पडवीत ३४, आत २१-२२ च्या खाली काटा कधी आला नाही आणि पंखा चोवीस तास फिरून फिरून दुसऱ्या वर्षी जळला. कोकणात घ्यायचा तर कॉम्प्रेसरवालाच, आणि स्टॅबिलायझर लावून, व्होल्टेजचं तुम्हाला सांगायला नको.

तरी त्याने सगळं होत नाही. दुसरा कॉम्प्रेसरवाला घेतला, छान चालला, त्यात नऊ बाटल्या जमवल्या, त्यातल्या चार बर्गंडी. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच अंगावर आलं. सुपारीच्या बागा आडव्या, कौलं उडाली, आमच्या वाडीत महिनाभर लाईट नव्हती. कोणाला वाईन सुचते त्यात, घर सावरण्यात जून गेला. लाईट आल्यावर फ्रीज उघडला तर बंद कपाटात पाऊस-ऊन खाऊन चार बाटल्यांची बुचं उंदराच्या नाकासारखी बाहेर. तीन गेल्या. बाकीच्यांतली एक मात्र मस्त निघाली, ती कुठली माहितीये? न्यूझीलंडची पिनो, फिरकीच्या झाकणाची. झाकणवाल्या वाईनला लोक नाक मुरडतात पण ढकलून बाहेर यायला तिथे बूचच नाही, हवा शिरायला वाटही जवळजवळ नाही. तेव्हापासून मी साठवायला म्हणून फक्त झाकणवाल्या घेतो आणि बुचवाल्या आणल्या की त्या मोसमात संपवतो. अजून एक, झाकणवाल्या आडव्या ठेवायची गरज नाही, उभ्या ठेवा, जागा वाचते.

साधा घरचा फ्रीज आहे ना तुमच्याकडे? खालच्या भाजीच्या खणात ठेवा. ४-६ डिग्रीला वाईन झोपते, मुरत नाही, पण बिघडतही नाही. लोक म्हणतात फ्रीज कोरडा असतो, कॉम्प्रेसरची थरथर लागते, बूच सुकेल. वर्षानुवर्षं ठेवलीत तर सुकेल. सहा-आठ महिने काही होत नाही. २९ डिग्रीच्या माजघरापेक्षा भाजीचा खण हजारपट बरा. आईंना भोपळा बाहेर ठेवायला सांगा.

(आणि परवाना आहे ना काढलेला? घरात एवढ्या बाटल्या ठेवायच्या तर आपल्या राज्यात परवाना लागतो, १९४९ च्या कायद्यापासून तसंच आहे. हसू नका, पाहुण्यांमुळे मला पाठ झालंय.)

---

आंब्याची_अढी (देवगड)

मला वाईनमधलं कळत नाही, एकदाच प्यायलेय, पण हे सगळं वाचून वाटलं की हे हापूसचंच आहे. पेंढ्यात अढी लावायची, रोज वास घ्यायचा, एक दिवस बरोबर पिकतो, दुसऱ्या दिवशी देठाकडे डाग. मग एवढं कोडं कशाचं, वासावरून कळत नाही का?

---

द्राक्षाचा_हिशोब (नाशिक)

ताई, अढी एकदम बरोबर, दोन फरक सोडून. एक, बाटलीचा वास बूच काढल्याशिवाय येत नाही आणि काढलं की परत अढीत ठेवता येत नाही. (सुई बुचातून घालून थोडी वाईन काढायची आणि जागेवर आर्गन वायू भरायचा असं कोराव्हिन नावाचं यंत्र मिळतं, पण त्याच्या किंमतीत अर्धी पेटी येईल, आणि झिरपणाऱ्या बुचावर काय उपयोग.) दोन, आंबा कच्चा, मग पिकलेला, मग सडका असा सरळ जातो. पिनो तशी जात नाही. नवी असताना फळाने भरलेली छान लागते, मग दोन-चार वर्षांनी मुकी होते, वास नाही, चव नाही, नुसता आंबट-तुरट, माणूस म्हणतो बिघडली. मग परत बोलायला लागते आणि तेव्हा जे बोलते त्यासाठीच लोक एवढा उपद्व्याप करतात. चांगल्या वर्षाची प्रीमिए क्रू या मुक्या काळात उघडली की फसल्यासारखं होतं. बाबूदादांची व्होल्ने २०१५ एवढी वर्षं झालीत आणि गरमीही खाल्लीये, तर ती त्यातून बाहेर आली असावी असा माझा अंदाज. म्हणून माझं मत, व्होल्ने, ले क्लो आणि एक मेर्सो आत्ता भाजीच्या खणात. बाकी मे-जूनमध्ये संपवा.

प्यायच्या आधी एवढं करा. व्होल्ने उघडायच्या आदल्या दिवशी उभी करा, गाळ खाली बसेल, मग हलक्या हाताने ओता, शेवटचा दोन बोटं सोडून द्या. जुनी पिनो चंबूत तासभर ओतून ठेवू नका, उरलासुरला वास उडून जातो, ग्लासातच खुलू द्या. आणि ते "रूम टेंपरेचरला" लाल वाईन, ते युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं टेंपरेचर, १६-१७. तुमच्या खोलीत ३० ला पिनो म्हणजे कोमट काढा. भाजीच्या खणातून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, १४ च्या आसपास प्या, ग्लासात गरम व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही. शार्दोने उलट बर्फासारखी नको, फार गार केली की मुकी होते, १०-१२ ठीक.

---

निवांत_दापोली

आणि शाब्ली उघडाल तेव्हा कालवं आणा हो, पाऊस सुरू व्हायच्या आत. शाब्लीची जमीन चुनखडीची, तिला किमरिजियन म्हणतात, पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. त्यात बारीक बारीक कालवांच्या शिंपल्या दगड होऊन बसल्यात, मी स्वतः मळ्यातून एक ढेकूळ उचललं होतं, अंगठ्याच्या नखाएवढ्या वाकड्या शिंपल्या. शिंपल्यांची चव वाईनमध्ये उतरते वगैरे मला पटत नाही, मुळं दगड खात नाहीत. पण आंबट, ताठ, बिनलाकडाची वाईन आणि खारट कालव हे जमतं ते जमतंच. फक्त लिंबू पिळू नका आणि तिखटजाळ करू नका. मेर्सोला मात्र ओल्या नारळाचं वाटण चालेल, पापलेटचं पातळ कालवण, कमी मिरचीचं.

---

बोटीवरचा_बाबू (रत्नागिरी)

अपडेट देतो, बारा दिवसांनी.

सोनोमाची पहिल्याच दिवशी उडवली. जड, लोणी आणि व्हॅनिला, मागे काही नाही, दुसरा ग्लास कोणाला नको झाला. ओटागोची एक उघडली, झाकण कर्र करून फिरलं, आणि दिवेआगरकर म्हणाले तसंच, जणू काल भरलीये, चेरी, थोडी लवंग, रंग पण तरतरीत. एकाच माजघरात, एकाच गरमीत. विचार करायला लावलंन त्या झाकणाने.

कालवं मिळाली. शेजारची काकू ओहोटीला खडकावर जाते, कोयतीने फोडून गर काढते, वाटीभर दिलीन. थोडी सुकी केली खोबरं आणि कोकम घालून, आणि चार शिंपलीसकट मागून घेतली. साधी शाब्ली २०२१ बरोबर. ताई, तुम्ही म्हणालात लिंबू नको, खरंच नको. कोकम घातलेल्या सुक्याबरोबर मात्र वाईन पाण्यासारखी लागली, आंबटावर आंबट.

साधी लाल २०२० ठीक, प्यायला मजा आली, लिहिण्यासारखं काही नाही. दुसरी जेव्रे उघडली, ती जिवंत निघाली! कडेला विटकरी, पहिली दहा मिनिटं ओलं गोणपाट वाटलं म्हणून पोटात गोळा आला, बूच खराब असलं की येतो तो वास म्हणतात ना, पण तो नव्हता, उडून गेला. त्या खाली पहिल्या पावसानंतर बागेतला पालापाचोळा उचलला की येतो तो वास आणि थोडी अळंबी. चव मात्र लवकर संपते. तासाभरात ग्लासात मरायला लागली, शेवटचा अर्धा ग्लास नुसता आंबट. अजून दोन पावसाळे नसती टिकली.

आता मेर्सो. ताईंनी घाबरवलं होतंन म्हणून दोन्ही एकदम बाहेर काढल्या आणि ट्यूबलाईटपुढे धरल्या. एक गडद, जुन्या मधासारखी. दुसरी पिवळी सोनेरी. गडद उघडली, कापलेलं सफरचंद, मागे रम टाकल्यासारखं काहीतरी, संपलेली. दुसरी भाजीच्या खणात ठेवायची ठरली होती. पण ती हातात होती आणि जेवायला पापलेट होतं, मला राहवेना. काढली.

अर्धा ग्लास ओतला, स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला आणि ताटं घ्यायला गेलो. परत आलो तर आई चुलीकडे बघत्ये, मग गॅसकडे, मग मला म्हणाली, काजू कोणी भाजायला टाकलेत, करपतील की रे.

---

माडीवाला (वेंगुर्ला)

आता रवलां काय ता सांग. व्होल्ने आणि काय ता क्लो. मी येतंय रविवारी.

---

बोटीवरचा_बाबू (रत्नागिरी)

एक ओटागो आणि साधी लाल एक आहे, एक साधी शाब्ली पण. ती तुमच्यासाठी, या. व्होल्ने आणि ले क्लो बर्फाच्या पेटीत घालून भावाबरोबर पुण्याला गेल्या, त्याच्याकडे जास्तीचा फ्रीज आहे. डिसेंबरात मी येईपर्यंत हात लावणार नाही असं म्हणालाय. त्याच्यावर माझा विश्वास आहे. वहिनीवर नाही.